विस्मरणशील यंत्रातील आठवणीचा कप्पा : 'टेल्स' प्रणालीच्या स्थायी साठवणुकीवरील मार्गदर्शिकेचे परीक्षण

यंत्राबरोबर येणारी मार्गदर्शिका ही वाचण्याची नव्हे, तर अडल्यास चाळण्याची वस्तू आहे असा सर्वसाधारण समज आहे. त्यामुळे या गद्यप्रकाराचा विचार समीक्षेच्या कक्षेत सहसा होत नाही. परंतु काही मार्गदर्शिका अशा असतात की, त्यांतील एखादे वाक्य संदिग्ध राहिले तर केवळ यंत्र बिघडत नाही. वाचकाची नोकरी, त्याचे स्वातंत्र्य, प्रसंगी त्याची शारीरिक सुरक्षितताही पणाला लागते. अशा लेखनाकडून स्पष्टतेबरोबरच प्रामाणिकपणाचीही अपेक्षा करावी लागते आणि ती पुरी झाली की नाही हे तपासणे हे समीक्षेचेच काम ठरते. 'टेल्स' या गोपनीयताप्रधान ऑपरेटिंग सिस्टिमची मार्गदर्शिका या वर्गात मोडते. तिच्यातील स्थायी साठवणुकीसंबंधीचा, म्हणजे वापरकर्त्याने स्वतःच्या सोयीनुसार काय जपून ठेवावे आणि ते कसे, याविषयीचा भाग येथे विचारार्थ घेतला आहे.

टेल्स ही डेबियन लिनक्सवर उभी असलेली प्रणाली आहे. ती पेन ड्राइव्हवरून चालते, ज्या संगणकाला तो जोडला असेल त्याच्या हार्ड डिस्कचा वापर करीत नाही आणि इंटरनेटची सारी वाहतूक टॉरच्या जाळ्यातून नेते. संगणक बंद केला की स्मृती पुसली जाते व मागे खूण उरत नाही. २००९ मध्ये या प्रकल्पाची पहिली आवृत्ती 'अ‍ॅम्नेशिया', म्हणजे स्मृतिलोप, याच नावाने प्रसिद्ध झाली. पुढे 'इनकॉग्निटो' या समानधर्मी प्रकल्पाशी त्याचा मेळ होऊन आजचे नाव रूढ झाले. प्रणालीतील वापरकर्त्याचे खाते मात्र अजूनही 'अ‍ॅम्नेशिया' याच नावाचे आहे. २०१३ मध्ये एडवर्ड स्नोडेन यांनी अमेरिकी पाळतयंत्रणेची कागदपत्रे उघड केली. त्या प्रकरणावर काम करणाऱ्या लॉरा पॉइट्रस, ग्लेन ग्रीनवाल्ड व बार्टन गेलमन या पत्रकारांनी टेल्सवर आपली मदार होती असे २०१४ मध्ये जाहीरपणे सांगितले. सप्टेंबर २०२४ मध्ये हा प्रकल्प टॉर प्रकल्पात विलीन झाला. पत्रकार व त्यांना माहिती पुरवणारे, कार्यकर्ते, तसेच घरातील हिंसाचाराला तोंड देणाऱ्या व्यक्ती हा आपला वाचकवर्ग आहे, असे प्रकल्पाने स्वतःच सांगितले आहे.

सर्व काही विसरणे हा ज्या यंत्राचा गुण, त्याचा रोजचा वापर माणसाला जड जातो. पत्रकाराला कागदपत्रे हवी असतात, संकेतीकरणाच्या किल्ल्या हव्या असतात, अर्धवट टिपणे हवी असतात. प्रत्येक वेळी कोऱ्या पाटीवरून सुरुवात करणे कोणालाच परवडत नाही. म्हणून २०१२ मध्ये ०.११ या आवृत्तीपासून त्याच पेन ड्राइव्हवरील मोकळ्या जागेत एक संकेतबद्ध विभाग निर्माण करण्याची सोय आली. परवलीचा शब्दसमूह दिल्याशिवाय हा विभाग उघडत नाही आणि न उघडताही प्रणाली सुरू करता येते. एवढ्या एका सोयीने मार्गदर्शिकेपुढे चमत्कारिक पेच उभा राहिला. प्रणालीने दिलेले मुख्य आश्वासन वाचकाने कोठे आणि किती मोडावे, हे आता तिलाच शिकवायचे होते.

या सोयीच्या नावातच अर्थाची एक छटा आहे आणि मराठीत आणताना ती निसटते. इंग्रजीतील 'पर्सिस्टंट' या विशेषणात टिकाऊपणाबरोबर हट्ट आहे; नको असतानाही न जाणारा तो पर्सिस्टंट. 'स्थायी साठवणूक' म्हटले की बँकेच्या मुदत ठेवीसारखा निर्धास्तपणा शब्दात शिरतो. 'चिवट साठा' हे अधिक नेमके झाले असते, परंतु ते कानाला खटकते. येथे 'स्थायी' हाच शब्द वापरला आहे. त्यातला अनाठायी दिलासा वाचकाने वजा करून वाचावे.

मार्गदर्शिकेची बाह्य मांडणी साधी आहे. प्रारंभी काहीच जपले जात नाही असे गृहीत धरून, वापरकर्त्याने एकेक खटका चालू करावा अशी रचना आहे. दस्तऐवजांची घडी, स्वागतपडद्यावरील निवडी, छपाईयंत्रे, वायफाय जोडण्या, टॉरचे पूल, ब्राउझरमधील वाचनखुणा, इलेक्ट्रम हे बिटकॉइनचे पाकीट, थंडरबर्डमधील टपाल, जीएनयूपीजीच्या किल्ल्या, अतिरिक्त सॉफ्टवेअर आणि अखेरीस 'डॉटफाइल्स' असा हा पट आहे. ही यादी नुसती सोयींची सूची म्हणून वाचली तर तिचे मर्म हाती लागत नाही. तिच्यात काय नाही हे पाहिले पाहिजे. ब्राउझरमध्ये पाहिलेल्या पानांचा इतिहास जपण्याचा खटका नाही; ब्राउझरची मांडणी बदलून ती कायम ठेवण्याचाही नाही. वाचनखुणा तेवढ्या ठेवता येतात.

या गाळणीमागचे कारण मार्गदर्शिकेच्या इशाऱ्यांत सापडते आणि संपूर्ण लेखनातील सर्वांत मोलाचा विचार तोच आहे. टॉर आणि टेल्स यांनी मिळणारे निनावीपण हे एकट्या वापरकर्त्याच्या मालकीचे नसते. टेल्स वापरणारा एक मनुष्य दुसऱ्यासारखाच दिसतो, म्हणून तो सापडत नाही. जो आपली प्रणाली स्वतःच्या आवडीने सजवतो तो गर्दीतून एक पाऊल बाहेर येतो आणि मागे उरलेली गर्दी तेवढीच विरळ करतो. यात्रेत हरवून जाण्यासाठी आधी यात्रा भरलेली असावी लागते, तसेच हे आहे. एरवी संगणकविषयक लेखन 'तुमच्या आवडीप्रमाणे बदल करा' असे आर्जव करीत असते. येथे बदल करण्याची वाट दाखवताना लेखकाचा हात किंचित आखडतो. स्थायी साठवणूक गरजेपुरतीच आणि कमीत कमी वापरावी, असे ही मार्गदर्शिका स्पष्टपणे सांगत आली. स्वतःच शिकवत असलेल्या गोष्टीबद्दलचा हा संकोच हा या लेखनाचा सर्वांत मोठा गुण मानावा लागेल.

हा विचार पटवण्यासाठी लागणारी उदाहरणे मात्र अपुरी आहेत. वायफाय जोडण्यांचा खटका घ्यावा. तो चालू केला की ज्या ज्या जाळ्यांना संगणक जोडला गेला त्यांची नावे व त्यांचे परवलीचे शब्द साठत जातात. वाचकाला ही निव्वळ सोय वाटते. पण कार्यालय, नातेवाइकाचे घर, परगावचे एखादे विश्रामगृह, एखाद्या वकिलाची कचेरी अशी ती नावे एकाखाली एक आली की तो प्रवासवृत्तान्त होतो. साठवणूक कुलूपबंद आहे तोवर तो वृत्तान्तही बंद आहे. ती उघडली गेली की सारा एकदम वाचता येतो. खटका काय करतो हे सांगणारे वाक्य मार्गदर्शिकेत आहे. त्याच्या शेजारी या साठ्याचा दुसऱ्याला काय उपयोग होऊ शकतो, हे सांगणारे आणखी एक वाक्य असते तर सामान्य इशाऱ्याला हातपाय फुटले असते.

साठवणूक उघडली जाण्याची शक्यता मार्गदर्शिकेने लपवलेली नाही. हा विभाग अदृश्य नाही. पेन ड्राइव्ह ज्याच्या हाती पडेल त्याला तेथे असा विभाग आहे हे कळेल आणि जबरदस्तीने वा फसवून परवलीचा शब्दसमूह काढून घेतला जाऊ शकतो, असे ती बजावते. स्वतःच्या उत्पादनाची मर्यादा इतक्या कमी शब्दांत सांगणारी वाक्ये तंत्रविषयक लेखनात विरळा. तरी हे एकच वाक्य निरनिराळ्या देशांतील वाचकांना निरनिराळे ऐकू येणार. ब्रिटनमध्ये २००० च्या तपासाधिकारविषयक कायद्याचा तिसरा भाग ऑक्टोबर २००७ पासून अमलात आहे आणि किल्ली देण्यास नकार देणे हा तेथे गुन्हा ठरतो. भारतात माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६९ नुसार अधिकृत यंत्रणेला संकेतबद्ध मजकूर उलगडण्यास साहाय्य न केल्यास सात वर्षांपर्यंत कारावासाची तरतूद आहे. मार्गदर्शिकेतील 'जबरदस्ती' हा शब्द वाचताना अंधाऱ्या खोलीचे चित्र उभे राहते. प्रत्यक्षात ती जबरदस्ती दिवसाढवळ्या, शिक्क्यासह येणाऱ्या नोटिशीच्या रूपातही असू शकते. प्रत्येक देशाचा कायदा सांगणे हे मार्गदर्शिकेचे काम नव्हे, परंतु कायदेशीर सक्ती हीसुद्धा सक्तीच असते एवढे नोंदवण्यास फार जागा लागली नसती.

यादीतील शेवटचा खटका, 'डॉटफाइल्स', हा खऱ्या अर्थाने वापरकर्त्याच्या मर्जीला सोडलेला आहे. ज्या फाइलींच्या नावाची सुरुवात टिंबाने होते त्या लिनक्समध्ये एरवी दिसत नाहीत. निरनिराळ्या प्रोग्रॅमची मांडणी अशा फाइलींत असते. स्थायी विभागातील ठरावीक घडीत ठेवलेल्या प्रत्येक फाइलीचा दुवा, संगणक सुरू होताना, वापरकर्त्याच्या घडीत तयार होतो. संपूर्ण घडी न जपता एखादीच फाइल जपायची असेल तर हा मार्ग उपयोगी पडतो. येथे मार्गदर्शिकेने दिलेले उदाहरण दाद द्यावे असे आहे. 'फाइल अ', एक घडी, तिच्या पोटातील उपघडी, शेजारी एक रिकामी घडी असा वृक्ष आधी काढून दाखवला आहे आणि त्यातून वापरकर्त्याच्या बाजूला काय उमटते ते पुढे मांडले आहे. उमटलेल्या चित्रात रिकामी घडी नाही. दुवे फक्त फाइलींचे होतात, घड्यांचे होत नाहीत, हा नियम वाचकाला नियमाआधी डोळ्यांनी दिसतो. शिकवण्याची ही रीत वर्गातील अनुभवी अध्यापकाची आहे.

याखाली आणखी एक थर आहे आणि तेथे मार्गदर्शिका मौन पाळते. सारे खटके ज्या फाइलीत नोंदले जातात ती 'पर्सिस्टन्स डॉट कॉन्फ' ही साधी मजकुराची फाइल आहे. प्रत्येक ओळीत दोन स्तंभ असतात. पहिल्यात कोणती घडी जपायची तिचा मार्ग आणि दुसऱ्यात तिचा मजकूर संकेतबद्ध विभागात कोठून आणायचा ते. एक ओळ वाढवली की यादीत नसलेली कोणतीही घडी जपता येते. या फाइलीचे व्याकरण डेबियनच्या लाइव्ह प्रणालीच्या संदर्भपानात आहे आणि टेल्सने तिचा वापर कसा केला हे विकासकांसाठी लिहिलेल्या रचनाविषयक दस्तऐवजात आहे. सामान्य वापरकर्त्यासाठीच्या पानांचा भर मात्र खटक्यांवर राहिला. एकाच प्रणालीविषयी अशा दोन संहिता तयार झाल्या. शक्य काय आहे ते एकीत आहे, उचित काय आहे ते दुसरीत. ज्याला दोहोंतील अंतर पार करायचे आहे त्याने स्वतःच्या जबाबदारीवर प्रशासकाचा परवलीचा शब्द योजून ते पार करावे, अशी ही अनुच्चारित व्यवस्था आहे.

या मौनाचे समर्थन होऊ शकते. जे लिहिले जाते ते अधिकृत ठरते. हाताने ओळ वाढवण्याची कृती मार्गदर्शिकेत आली की धोका न समजताही ती केली जाणार. परंतु मौनाने गरज नाहीशी होत नाही. ज्याला आपल्या प्रोग्रॅमची मांडणी जपायचीच आहे तो इतरत्र सापडलेली कृती उतरवून घेईल आणि त्या कृतीसोबत इशारा असेलच असे नाही. कृती आणि इशारा एकाच पानावर असणे हीच मार्गदर्शिकेची ताकद होती. या ठिकाणी ती वापरली गेली नाही.

जो इशारा येथे विशेषेकरून हवा होता तो काळाविषयीचा आहे. संदर्भपानानुसार, एखादी घडी पहिल्यांदा जपली जाते तेव्हा तिच्यातील मूळ मजकुराची प्रत स्थायी विभागात काढली जाते. त्यानंतर संगणक दर वेळी ही प्रत वापरतो. मधल्या काळात टेल्सची नवी आवृत्ती येते. तिच्यातील मूळ मांडणी अधिक सुरक्षित केलेली असते, पण जपलेली प्रत तशीच राहते आणि नव्या मांडणीला झाकून टाकते. आपण आपली निवड जपली असे वापरकर्त्याला वाटते. वास्तविक त्याने एका विशिष्ट दिवसाची प्रणाली गोठवून ठेवलेली असते, त्या दिवशीच्या उणिवांसह. आपल्या मर्जीने केलेला बदल आपल्याला इतरांहून वेगळे करतो हे मार्गदर्शिकेने चांगले समजावले. तो आपल्याला काळात मागेही ठेवतो, हे तितक्या ठसठशीतपणे कोठे येत नाही.

हा धोका निव्वळ तर्काचा नाही. टेल्समध्ये पूर्वी टपालासाठी क्लॉज मेल हा प्रोग्रॅम होता. ज्या पत्रांचे संकेतीकरण व्हायचे आहे त्यांच्या उघड्या प्रती आयमॅप पद्धतीत टपालसेवेच्या सर्व्हरवर जाऊन पडतात, असे २०१५ मध्ये प्रकल्पाने सुरक्षासूचनेद्वारे जाहीर केले. गुप्त पत्राचा कच्चा खर्डा डाकघरातच राहावा, असा हा प्रकार. उपाय म्हणून मांडणीत बदल करणे आवश्यक होते. ज्याने काहीच जपले नव्हते त्याला दर वेळी सर्व नव्याने मांडावे लागे. ज्याने टपालाची घडी जपली होती त्याने आपली जुनी मांडणी आठवणीने उघडून दुरुस्त करणे भाग होते. त्याच वर्षाच्या डिसेंबरात १.८ या आवृत्तीत आइसडव्ह, म्हणजे डेबियनने नाव बदललेला थंडरबर्ड, हा मुख्य टपालप्रोग्रॅम झाला आणि जानेवारी २०१६ च्या २.० मध्ये क्लॉज मेल काढून टाकण्यात आला. जपलेले टपाल एकातून दुसऱ्यात नेण्यासाठी मार्गदर्शिकेला स्वतंत्र प्रकरण लिहावे लागले. पुढे ऑक्टोबर २०१९ च्या ४.० मध्ये कीपासएक्स जाऊन त्या जागी कीपासएक्ससी आले, तेव्हाही परवलीच्या शब्दांची जुनी वही नव्या रूपात आणण्याची सूचना द्यावी लागली. अशी स्थलांतराची पाने तात्पुरती म्हणून लिहिली जातात आणि गरज संपली की विसरली जातात. वास्तविक स्थायी साठवणूक म्हणजे काय हे समजून घेण्यासाठी त्यांच्याइतके बोलके वाचन नाही.

डिसेंबर २०२२ मधील ५.८ या आवृत्तीने स्थायी साठवणुकीचे रूप पालटले. तोवर साठवणूक निर्माण केल्यावर किंवा खटका बदलल्यावर संगणक पुन्हा सुरू करावा लागे. आता चालू बैठकीतच सर्व होऊ लागले. ज्या वाचकवर्गासाठी ही प्रणाली आहे त्याचा विचार करता या सुधारणेचे स्वागतच करायला हवे. घरातल्याच माणसापासून लपून काही मिनिटांसाठी संगणक वापरणाऱ्या स्त्रीला पुन्हापुन्हा यंत्र बंद-चालू करण्यास सांगणे हा तिच्यावरील अन्यायच होता. मात्र कृती सुलभ झाली की तिच्याविषयी लिहिण्यासारखेही कमी उरते. पूर्वी खटका बदलणे आणि पुन्हा सुरू करणे या दोहोंच्या मध्ये वाचक थांबत असे व त्या थांब्यात इशारा वाचण्यास जागा होती. आता इशाऱ्याला दुसरा मुक्काम शोधावा लागणार. तो खटक्याशेजारीच, एका ओळीत, पडद्यावर असावा की मार्गदर्शिकेत, याचा निर्णय वाङ्मयीन स्वरूपाचा आहे. तो केवळ आरेखनकारावर सोडून चालणार नाही.

मार्गदर्शिका उत्तम लिहू शकते याचा पुरावा त्यानंतर सहा महिन्यांच्या आतच मिळाला. परवलीच्या शब्दसमूहापासून किल्ली तयार करण्याची जुन्या साठवणुकीतील पद्धत आजच्या संगणकशक्तीपुढे दुबळी पडते हे लक्षात आल्यावर, मे २०२३ मधील ५.१३ पासून नव्या साठवणुकींसाठी 'लक्स २' ही रचना व 'आर्गॉन २ आयडी' ही पद्धत आली, जूनमधील ५.१४ पासून जुन्या साठवणुकींचेही रूपांतर आपोआप होऊ लागले. या निमित्ताने लिहिलेल्या पानात धोका विशेषणांनी रंगवलेला नाही. परवलीच्या समूहात यादृच्छिक शब्द किती, यावर तो फोडण्यास लागणाऱ्या विजेचा खर्च किती, याचे कोष्टक तेथे दिले आहे, जुन्या व नव्या दोन्ही पद्धतींसाठी. आपले शब्द मोजावेत आणि आपला शत्रू एवढे वीजबिल भरेल का हे ठरवावे, इतके काम वाचकावर सोडले आहे. पाच ते सात यादृच्छिक शब्द असावेत हा मार्गदर्शिकेचा सल्ला एरवी उपदेशासारखा वाटतो. या कोष्टकाशेजारी तो हिशेब होतो.

त्याच पानावर पुढची अडचणही लपवलेली नाही. रूपांतर झाले तरी पेन ड्राइव्हच्या चिपमध्ये जुन्या रचनेचा मथळा कोठेतरी शिल्लक राहू शकतो, कारण अशा स्मृतीत नवे लिहिताना जुने नेमके त्याच जागी पुसले जाईल याची शाश्वती नसते. म्हणून ज्यांचा शब्दसमूह तोकडा होता त्यांनी तो बदलावा, सर्व काही नव्या पेन ड्राइव्हवर न्यावे आणि जुना नष्ट करावा, निदान तो संपूर्ण सुरक्षितपणे पुसावा, असा सल्ला तेथे दिला आहे.